जातोसाहेब

आमच्या साहेबांना चिंचवडात लग्नाची आमंत्रणं जरा जपूनच दिली जात. माणूस वाईट नव्हता. आहेर ठरलेला, पंगतीत पानात काही टाकायचे नाहीत, आणि नवरदेवाच्या आधी मांडवात हजर. घोटाळा व्हायचा तो निघताना. मुलीचे वडील हात जोडून दाराशी उभे असायचे आणि साहेब त्यांच्या डोळ्यांत बघून खणखणीत आवाजात म्हणायचे, "जातो."

आपल्याकडे निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. 'जातो' म्हणून निघाला तो परत येत नाही, असं घरोघरी शिकवलेलं. साहेबांना हे सगळं माहीत होतं आणि त्यातलं एक अक्षरही मान्य नव्हतं. "मी इथून निघालोय. येतो म्हणजे मी तुमच्याकडे येतोय. जाणारा माणूस येतो म्हणायला लागला तर त्याच्या भरवशावर विमान उतरवायचं कसं?" आता लग्नाच्या मांडवात विमान कोण उतरवणार होतं ते त्यांनाच माहीत. पण सगळं गावठाण त्यांना पाठीमागे जातोसाहेब म्हणायचं, आणि ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले, "चला, निदान शब्द तरी बरोबर वापरतायत."

साहेब कुठल्याशा मोठ्या विमानतळाच्या टॉवरवर बरीच वर्षं काढून निवृत्त झालेले. मी त्यांच्या हाताखाली लागले ती सत्तरच्या दशकात. तेव्हा कुरुळीच्या माळावर विमान चालवायला शिकवणाऱ्या एका क्लबची छोटी धावपट्टी होती आणि तिचा टॉवर साहेब सांभाळायचे. आज तिथे गाड्यांचे सुटे भाग बनतात, आणि इथे कधी विमानं उतरायची असं सांगितलं तर तिथली पोरं 'काय पण आजी' अशा नजरेनं बघतात. टॉवर म्हणजे दोन मजली खोली. वर चारी बाजूंनी काचा, आत विमानांशी बोलायचा रेडिओ, लाल-हिरवा झोत टाकणारा बंदुकीसारखा दिवा, आणि धावपट्टीच्या दोन्ही टोकांच्या झोपड्यांना जोडलेला, हँडल फिरवून लावायचा टेलिफोन. तो फोन सांभाळायला त्यांना माणूस हवा होता.

मुलाखतीला आम्ही चारपाच जण होतो. साहेबांनी प्रत्येकाला एकच सांगितलं, "खिडकी लावा आणि दार उघडं ठेवा." बाकीचे "हो सर" म्हणून उठले. मी गोंधळून स्वतःशीच पुटपुटले, "खिडकी लावायची, दार उघडं ठेवायचं." साहेब म्हणाले, "सोमवारपासून या."

मला वाटलं माझी टायपिंगची परीक्षा बघून घेतलं असेल. खरं कारण पहिल्याच दिवशी कळलं. साहेबांच्या राज्यात 'हो' या शब्दाला बंदी होती. "हो म्हणजे काय? ऐकलं, कळलं, का करतो? आपली माणसं झोपेतसुद्धा हो म्हणतात. जे ऐकलं ते परत म्हणा." मग दिवसभर तेच. साहेब म्हणायचे, "नदीकडचं टोक रिकामं करा." मी म्हणायची, "नदीकडचं टोक रिकामं करते." चहावाल्या पोऱ्यालाही सूट नव्हती. "दोन चहा, एक बिनसाखरेचा," असं त्यानं परत म्हटल्याशिवाय त्याला जिन्यावरून खाली उतरू देत नसत. तो बिचारा पुढे पुढे कुणी काही न मागताच ते घोकत वर यायचा.

मराठी भाषेवर तर त्यांचा खास राग. वाणी "दुकान वाढवतो" म्हणाला की साहेब विचारायचे, "किती फुटांनी?" नारळ वाढवायचा म्हणजे फोडायचा, बांगडी वाढली म्हणजे फुटली, हे ऐकलं की कपाळाला हात लावायचे. "अशुभ नको म्हणून उलटं बोलायचं, आणि उलटं बोलून खरंच अशुभ घडलं तर कुणाला विचारायचं?"

आमच्या घरी हा प्रश्नच नव्हता. वडील पिंपरीच्या कारखान्यात, राहणं तिथल्याच वस्तीत, आणि आमच्यात भेटताना जय भीम, निघताना जय भीम. पहिल्या दिवशी संध्याकाळी मी ते म्हणाले तेव्हा साहेब कान टवकारून बसले. "हे चांगलं आहे. यात खोटं काही नाही." मग थोडा विचार करून म्हणाले, "पण बाई, फोनवर म्हणू नका. तुम्ही आलात का निघालात ते कळायचं नाही." मी म्हटलं, साहेब, तुम्हाला देवानं जरी वरून हाक मारली तरी तुम्ही त्याला परत म्हणायला लावाल. ते म्हणाले, "लावणारच. एवढी मोठी चूक ऐकण्यात व्हायला नको."

क्लबची व्हॅन सकाळी साहेबांच्या बिल्डिंगखालून सुटायची, म्हणून मी आधी त्यांच्या घरी जायची. त्यांच्या पत्नीला आम्ही सगळे काकू म्हणायचो. ठेंगण्या, गोऱ्या, सतत कशाला तरी हळद लावत असलेल्या. साहेब पायात बूट चढवून दारात उभे राहायचे आणि म्हणायचे, "जातो." काकू आतून म्हणायच्या, "या." रोज. मी तिथेच जिन्यात उभी असायची आणि मला हसू यायचं.

एकदा साहेब गाडीकडे पुढे गेले असताना काकूंनी मला थांबवलं. म्हणाल्या, "तुला हसू येतं ना? माझ्या काळजात धस्स होतं गं. रोज. संध्याकाळी जिन्यात बूट वाजेपर्यंत जीव थाऱ्यावर नसतो. एकदाच येतो म्हणाले तर काय आभाळ कोसळणार आहे? मी मरायच्या आत एकदा ऐकायचंय मला." त्यानंतर मी पुन्हा हसले नाही. व्हॅनमध्ये बसल्यावर धीर करून साहेबांना म्हटलं, काकूंसाठी एवढं म्हणा की. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "संध्याकाळी परत येईन याची मला खात्री आहे का? नाही. मग सांगू कसं? जे माहीत नाही ते मी कुणालाच सांगत नाही. तिला तर नाहीच नाही."

कुणी विचारायचं, साहेब, शब्दावरून एवढं का, कुठे काही अपघात बघितलात का? ते म्हणायचे, "नाही बघितला. म्हणूनच."

त्यांचा सगळ्यात लाडका नियम धावपट्टी बदलण्याचा. विमान वाऱ्याला सामोरं उतरतं. आमच्या माळावर सकाळी वारा गावाकडून असायचा, म्हणून विमानं नदीकडच्या टोकावर टेकायची. दुपारी वारा फिरला की सगळं उलटं, विमानं गावावरून येऊन गावाकडच्या टोकावर टेकायची. हे बदलणं म्हणजे साहेबांचा सोहळा. आधी आकाशातल्यांना थांबवायचं, मग जमिनीवरच्यांना बाहेर काढायचं, मग दोन्ही टोकांना फोन, प्रत्येकाचं उत्तर ऐकायचं, आणि तेव्हाच उतरायची दिशा दाखवणारी जमिनीवरची पांढरी, इंग्रजी टी अक्षरासारखी खूण फिरवायची. "दिशा बदलत असताना धावपट्टी कुणाचीच नसते, बाई. ना जुन्यांची, ना नव्यांची." हेच तत्त्व घरी. काकूंनी दिवाळीत कपाट या भिंतीचं त्या भिंतीला न्यायचं काढलं तर साहेबांनी घरातल्या सगळ्यांना, पाहुण्यांसकट, बाल्कनीत उभं केलं. काकूंचे भाऊ त्यात होते. ते फराळ न करताच गेले, आणि जाताना रागारागात 'येतो' म्हणाले. साहेब म्हणाले, "बघा, येणार नाहीयेत."

माळावर साहेबांशी सरळ उभा दावा मांडलेला एकच माणूस होता, रामभाऊ. कुरुळीचा शेतकरी. ट्रॅक्टर त्याचा, धावपट्टीच्या कडेचं गवत कापून न्यायचा मक्ता त्याचा, आणि गावाकडच्या झोपडीतला फोन उचलायचं कामही त्याच्याकडेच. तो काही केल्या 'जातो' म्हणेना. साहेब फोनवर शिकवायचे, "रामभाऊ, धावपट्टीवरून जातो, असं म्हणा." तिकडून, "व्हय सायेब, येतो." एकदा त्यांनी त्याला टॉवरवर बोलावून घेतलं. रामभाऊ टोपी काढून म्हणाला, "सायेब, तुमी म्हनाल ते करीन. पर घरधनीन तिथं गवात कापती. तिच्याम्होरं जातो म्हनू? आमच्यात न्हाई म्हनत. त्वांडातनं निगतच न्हाई." साहेबांनी त्याच्याकडे खुर्ची सरकवली. मग म्हणाले, "माझ्या घरीही तेच म्हणतात."

त्या वर्षी दिवाळी होऊन गेली होती. गवत पिवळं पडलं होतं. गावाकडच्या टोकाला रामभाऊ, त्याची बायको पारूबाई आणि गावातल्या काही बाया कापणीला होत्या. हे टोक टॉवरवरून दिसत नसे. धावपट्टीच्या मधोमध उंचवटा होता आणि त्याच्या पलीकडचं आम्हाला काहीच कळायचं नाही, फोनवर कानाला येईल तेवढंच. आकाशात एक शिकाऊ मुलगा होता, आयुष्यात पहिल्यांदा एकटा. त्याला बघायला क्लबचे सेक्रेटरी टॉवरवर येऊन उभे राहिले होते.

वारा फिरला. एकदम फिरला. वाऱ्याची दिशा दाखवणारी, खांबावरची झोळीसारखी पिशवी लटकली, आणि बघता बघता उलट्या बाजूला ताठ झाली. साहेबांनी रेडिओवर मुलाला वरच थांबायला सांगितलं आणि स्वतः गावाकडचा फोन लावला. "रामभाऊ, दिशा बदलतेय. धावपट्टी सोडा. परत म्हणा." मला पलीकडचा आवाज ऐकू आला. "व्हय सायेब. येतो." आणि फोन ठेवल्याचा खट्ट आवाज. साहेबांनी पुन्हा हँडल फिरवलं. कुणी उचलेना.

सेक्रेटरी म्हणाले, "झालं ना? गेला तो. आता घ्या पोराला खाली."

"तो येतो म्हणाला," साहेब म्हणाले.

"अहो म्हणजे गेला! येतो म्हणजे जातो. मराठी कळत नाही का तुम्हाला?"

"आणि त्याला खरंच येतो म्हणायचं असेल तर?"

रेडिओवर त्या मुलाचा आवाज यायला लागला. उतरू का, उतरू का. आवाज कापत होता. सेक्रेटरींचा चेहरा पडला. त्यांचंही चुकत नव्हतं. ते पोर वर जितका वेळ राहील तितकं घाबरणार, आणि घाबरलेला नवशिका वरून खाली कसा येईल ते कुणी सांगावं? जुन्याच दिशेनं उतरवावं तर वारा पाठीत, विमान लवकर थांबायचं नाही, उंचवट्यापलीकडे घरंगळत जाणार. ते ओरडले, "एका शब्दासाठी पोराचा जीव घेणार आहात का?" साहेबांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. रेडिओवर ते इतक्या शांतपणे बोलले की जणू घरी चहा पीत बसलेत. "बाळ, घाई नाही. एक चक्कर मार. परत म्हण." मुलगा म्हणाला, "एक चक्कर मारतो." मग माझ्याकडे वळून, "बाई, लाल झेंडा. उंचवट्यावर."

"लाल झेंडा, उंचवट्यावर," म्हणत मी झेंडा उचलून जिना उतरले. साडीचा ओचा खोचला आणि धावपट्टीच्या कडेनं पळत सुटले. आजही कधी धाप लागली की मला तो माळ आठवतो. उंचवट्यावर पोचले आणि पलीकडे बघितलं तर धावपट्टीवरच रामभाऊचा ट्रॅक्टर. मागच्या ट्रॉलीचं एक चाक निखळलेलं, ट्रॉली कलंडलेली, रामभाऊ चाक बसवायला तिच्याखाली अर्धा शिरलेला, पारूबाई आणि बाया वरून गवताच्या पेंढ्या खाली फेकत होत्या. ट्रॅक्टरचं तोंड टॉवरच्या दिशेला. तो खरोखरच येत होता. गवताची गंज टॉवरजवळ रचायची होती, कडेच्या वाटेवर चर खणलेला होता, म्हणून धावपट्टी सोडायची तर धावपट्टीवरूनच निघाला होता.

मी झेंडा हलवला तो हात तुटेपर्यंत हलवला. टॉवरवरून ते दिसलं. मग खाली धावले, बायांना ओरडून बाजूला काढलं, रामभाऊ ट्रॅक्टरवर चढला, आणि सगळ्यांनी मिळून ती ट्रॉली रेटत, ढकलत, शिव्या घालत कडेला नेली. सांडलेल्या पेंढ्या उचलल्या. ते विमान डोक्यावरून एकदा गेलं तेव्हा पारूबाईनं वर बघितलं आणि तिला एकदम सगळं उमगलं. तिनं रामभाऊचा दंड घट्ट धरला.

मी झोपडीतून फोन लावला. "साहेब, ट्रॅक्टर बाहेर. माणसं बाहेर. धावपट्टी रिकामी."

"ट्रॅक्टर बाहेर, माणसं बाहेर, धावपट्टी रिकामी," साहेब म्हणाले. त्या दिवशी माझं वाक्य त्यांनी परत म्हटलं. मग विमान आमच्यासमोर टेकलं, दोनदा उडी मारून नीट धावत गेलं, आणि मी त्या झोपडीत फोन कानाला धरून ढसाढसा रडले. पलीकडे साहेबांनीही फोन ठेवला नव्हता.

संध्याकाळी रामभाऊ आणि पारूबाई टॉवरवर आले. रामभाऊ मान खाली घालून उभा. निघताना सवयीनं म्हणाला, "बरंय सायेब, ये..." तोच पारूबाईनं त्याला कोपर मारलं. "जातो म्हना! कुनाच्या तोंडाकडं बगताय? मीच सांगतीय न्हवं, म्हना." रामभाऊ म्हणाला, "जातो." साहेब उठून उभे राहिले. "जा," ते म्हणाले. सेक्रेटरींनी नंतर साहेबांना पेढे पाठवले, त्यातले निम्मे कुरुळीला गेले.

मला वाटलं होतं, हे ऐकल्यावर काकूंची तक्रार मिटेल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, साहेबांच्या ताटात आणखी एक पोळी वाढली आणि म्हणाल्या, "माळावर ठीक आहे. माझ्या घरात काय उतरतंय?"

ऐंशी सालच्या सुमाराला क्लब गुंडाळला, माळ कारखान्यासाठी गेला. शेवटच्या दिवशी साहेबांनी दोन्ही टोकांना फोन लावून "धावपट्टी बंद" असं सांगितलं, आणि दोन्हीकडून ते परत म्हणवून घेतलं. मी पिंपरीच्या एका कंपनीत टेलिफोनवर लागले. सुटीच्या दिवशी साहेबांकडे जायची. मग एका वर्षी त्यांच्या पोटात काहीतरी निघालं. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. डॉक्टर फार काही बोलले नव्हते, आणि डॉक्टर बोलत नाहीत तेव्हा साहेबांना बरोबर कळायचं. काकूंचा पाय तेव्हा प्लास्टरमध्ये, त्यांना जिना उतरणं शक्य नव्हतं. सोबत मी जायचं ठरलं.

भाड्याची मोटार खाली उभी होती. साहेबांनी नेहमीसारखे बूट घातले. दारात उभे राहिले. काकू खुर्चीत. काकूंनी या वेळी काहीच मागितलं नाही, नुसत्या बघत होत्या. साहेबांनी तोंड उघडलं, मिटलं. मग म्हणाले, "येतो."

काकूंना 'या' म्हणायचंही सुचलं नाही. त्यांचा चेहरा असा उजळला की मला तिकडे बघवेना. कारण काकूंना आणि मला दोघींनाही ठाऊक होतं, हा माणूस खात्री असल्याशिवाय शब्द काढत नाही. हा येतो म्हणाला म्हणजे येणार.

गाडी पिंपरीच्या पुढे जाईपर्यंत साहेब खिडकीबाहेर बघत होते. मग समोर बघत हळूच म्हणाले, "बाई, आज मी धावपट्टी न बघता हिरवा दिवा दिला." मी त्यांचा हात धरला. ते वाक्य मात्र मी परत म्हटलं नाही.

साहेब परत आले नाहीत.

सुतकाच्या घरून निघताना कुणी 'येतो' म्हणत नाही. 'जातो' तर नाहीच. लोक काही न बोलता उठतात आणि निघतात. त्या दिवसांत चिंचवडातलं निम्मं गावठाण येऊन गेलं, लग्नाला न बोलावणारेही आले, रामभाऊ आणि पारूबाई आली, आणि सगळी अशीच मुकाट्यानं गेली. मीही संध्याकाळी पदर सावरून उठले, चपला घातल्या.

"कुठे निघालीस?" मागून काकूंचा आवाज आला. प्लास्टरचा पाय स्टुलावर, डोळे सुजलेले, पण आवाज थेट साहेबांचा. "न सांगता? या घरातून असं कुणी जायचं नाही. येतेस का जातेस?"

मी म्हटलं, "येते, काकू."

"नक्की येणार असशील तरच म्हण."

"रविवारी येते."

"रविवारी येतेस," काकूंनी परत म्हटलं, आणि मान हलवली. "जा."

रविवारी मी गेले. नंतरच्याही कितीतरी रविवारी गेले.